प्रेमलाबाईंच्या मापाचं बेसिन

शुक्रवार पेठेतल्या कुठल्या बाईचा दंड किती, पाठ किती, गेल्या दिवाळीपासून कंबर किती पुढं सरकली, ही सगळी गुपितं एकाच वहीत आहेत. ती वही प्रेमलाबाईंची. चौतीस वर्षं झाली, बाई ब्लाऊज शिवतात. मशीन तेच, खिडकी तीच आणि गळ्यात माळेसारखी टेप. ती टेप त्या जेवतानाही काढत नाहीत. एका लग्नाला तशाच गेल्या, तर हळदीकुंकवाच्या घाईत नवरीच्या आईनं बाईंच्या कपाळाबरोबर टेपलाही बोट लावलं. अजून सतरा नंबरावर लाल डाग आहे.

हात चांगला, पण तोंड त्याहून चांगलं. माप द्यायला आलेली बाई टेप कंबरेला लागली की पोट आत ओढते. सगळ्या ओढतात. शाळेच्या मोठ्या बाई ओढतात, कॉर्पोरेशनातल्या साहेबीणबाई ओढतात. मग प्रेमलाबाई टेप तशीच धरून उभ्या राहतात.

"श्वास सोडा."

"सोडलाय की ओ."

"मग आत कोण धरून बसलंय? सोडा. आता आत घ्याल, घरी गेल्यावर ते बाहेर येणारच. मग हुक लागणार नाही आणि शिंपिणीनं माप चुकवलं म्हणून पेठभर सांगत फिराल. मला ठाऊक नाही होय?"

बाई लाजायची, श्वास सोडायची आणि वहीत खरा आकडा पडायचा. खोटं माप देणाऱ्यांचा प्रेमलाबाईंना असा राग की विचारू नका.

आणि याच बाईंनी स्वतःचं माप चौतीस वर्षं खोटं सांगितलं होतं.

खोटं तसं त्यांचं नव्हतं, मामांचं होतं. बाईंचं माहेर श्रीपूर. वडील साखर कारखान्यात उसाच्या काट्यावर. गाडीमागं किलोभर इकडं तिकडं झालं तर त्यांना जेवण जायचं नाही. पण मुलीचा बायोडाटा लिहायला बसले मामा. मामांचं अक्षर सुंदर आणि मन मोठं. मुलीची उंची चार फूट आठ इंच होती, मामांनी ती पाच फूट दोन इंच लिहिली. "कागदावर कुणी उभं राहून बघतंय होय?" म्हणाले. बघायच्या कार्यक्रमात मुलगी पोह्यांचा ट्रे घेऊन आली आणि लगेच बसली. लग्नात पाटावर उभी. वरातीत उंच टाचेच्या चपला. सासरी पाऊल टाकलं तेव्हा चपला दाराबाहेर काढाव्या लागल्या, पण तोवर अक्षता पडल्या होत्या.

नवरा म्हणजे कमलाकर. सहा फुटाला एक इंच कमी, सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये नोकरी, आता रिटायर. माणूस साधा. फक्त एक आहे, कागदावर लिहिलेलं असेल ते खरं, डोळ्याला दिसतं ते नंतर बघू. बायको पाच दोन आहे असं कागदावर होतं, तर ती पाच दोन. चौतीस वर्षांत त्यांना एकदाही शंका आली नाही. येणार कशी? इतक्या वरून बघणाऱ्याला खालचं सगळं सारखंच दिसतं.

सासरची सगळी माणसं अशीच, विजेच्या खांबासारखी. त्यामुळे घर खांबांच्या मापाचं. खुंट्या वर, फळ्या वर, दाराची कडी वर, बाथरूममधला आरसा इतका वर की त्यात प्रेमलाबाईंना स्वतःचा फक्त भांग दिसायचा. आणि बेसिन. ते सासऱ्यांनी बसवलेलं, प्रेमलाबाईंच्या छातीशी यायचं. तोंड धुवायला चवड्यांवर उभं राहायचं, हात वर करायचे, की पाणी तळहातातून मनगटावर, मनगटावरून कोपरावर आणि तिथून बाहीत. रोज सकाळी. सगळ्या पेठेला बाह्या शिवून देणाऱ्या बाईच्या स्वतःच्या बाह्या साडेआठपर्यंत ओल्या.

आता तुम्ही म्हणाल, पाट घ्यायचा पायाखाली. पण पाट घेतला की उंची कमी असल्याचं कबूल केल्यासारखं झालं. मग पाच दोन ते कसले?

तर हे असं चाललं होतं आणि मरेपर्यंत चाललं असतं, पण श्रावणातल्या एका सोमवारी कमलाकर दाढी करता करता बेसिनवर जरा रेलले. भिंतीतला लोखंडी आधार गंजून गेलेला. काट् असा आवाज झाला आणि बेसिन भिंतीतून सुटून त्यांच्या हातांत आलं. खाली ठेवावं तर पाइप ओढला जातोय, सोडावं तर पायावर पडतंय. तोंडाला फेस, पोटाशी बेसिन, बारशाला बाळ घेऊन उभं राहावं तसे उभे राहिले.

"अगं ए, ये लवकर."

प्रेमलाबाई पुढच्या खोलीत एका गिऱ्हाइकाचं माप घेत होत्या. "आले. दंड राहिलाय एवढा," म्हणाल्या, आणि खरंच दंड घेतला, वहीत लिहिला, गळा किती खोल तेही विचारलं आणि मग आल्या. कमलाकर ती वीस मिनिटं अजून विसरलेले नाहीत.

पण बेसिन पडलेलं बघून प्रेमलाबाईंच्या चेहऱ्यावर जे हसू आलं, ते मुलगा झाला तेव्हाही आलं नव्हतं.

मुलगा म्हणजे ओजस. तो इथं नसतो, तिकडं पुण्यात कंपनीत आहे. त्यानं व्हिडिओ कॉलवर सांगितलं, "आई, आता बाथरूम नीटच करून घ्या. फरशी बदला. आणि नुसतं बेसिन नको, व्हॅनिटी घे. ऑनलाइन मागवतो. चार दिवसांत दारात."

"ते काय असतं?"

त्यानं फोटो दाखवला. खाली कपाट, कपाटाला खण, वर गुळगुळीत फळी आणि फळीवर पांढरं शुभ्र बेसिन, पातेलं ठेवावं तसं. प्रेमलाबाई बघत राहिल्या.

"उंची किती रे याची?"

"स्टँडर्ड असते."

"स्टँडर्ड म्हणजे कुणाच्या मापाची?"

"अशी कुणाच्या नाही गं. सगळ्यांच्या."

"सगळ्यांच्या मापाचं म्हणजे कुणाच्याच मापाचं नाही. रेडिमेड ब्लाऊज मी जन्मात अंगाला लावलेला नाही, आणि बेसिन रेडिमेड घेऊ? करून घेणार. मिस्त्रीकडून. माझ्या मापाचं."

शेवटचं वाक्य बोलताना बाईंचा आवाज जरा चिरकला. ओजसला वाटलं नेटवर्क. पण बाईंचं खरंच मनात होतं, या खांबांच्या घरात एक तरी वस्तू आपल्या मापाची असावी. एकच. जास्त काही मागणं नव्हतं त्यांचं.

मिस्त्री शोधायची गरज नव्हती. सरदारबी ही त्यांची वीस वर्षांची गिऱ्हाईक, आणि तिचा नवरा पीरसाब सुतार. विजापूर वेशीकडं त्याचं दुकान. लांब दाढी, कानामागं पेन्सिल, आणि बोलणं असं अदबीचं की खिळासुद्धा विचारून ठोकेल. तो सनमायकाच्या सॅम्पलांची चवड घेऊन आला त्या दिवशी घरात आणखी एक माणूस होतं, बजाबाई. कमलाकरांची थोरली बहीण, वळसंगची. डोळे तपासायला आलेली आणि महिनाभर राहिलेली. उंची पाच फूट आठ, वय अडुसष्ट, कणा एरंडाच्या दांड्यासारखा सरळ.

या बजाबाईंनी लग्नाच्या बैठकीत मोठ्यानं विचारलं होतं, "पोरगी लई बुटकी वाटती, न्हाय का?" तेव्हा मामांनी कागद पुढं केला होता. बजाबाई गप्प बसल्या. पण तेव्हापासून जेव्हा जेव्हा राहायला यायच्या, तेव्हा जाताना लोणच्याची बरणी सगळ्यात वरच्या फळीवर ठेवून जायच्या. आता याचा अर्थ काय घ्यायचा? प्रेमलाबाईंनी वाईटच घेतला होता.

पीरसाबनं सॅम्पलं जमिनीवर मांडली. प्रेमलाबाई साडीला मॅचिंग बघायला बसल्यासारख्या बसल्या.

"हा पिस्ता?"

"नको, पिस्ता दोन धुण्यांत उतरतो."

"ताई, मायका आहे. धुवायचा नसतो."

"तरी उतरतो. तो चॉकलेटी दाखवा. असा नाही, दारात चला, उजेडात. बल्बखाली रंग बघू नये." दारात नेऊन त्यांनी चॉकलेटी तुकडा नव्या फरशीच्या तुकड्याला लावून बघितला, मान तिरकी केली, लांब धरला. "हा चालेल. आतलं अस्तर कुठलं?"

"आतून पांढरा मायका लावू."

"पांढरं अस्तर मळतं."

"मग तुम्ही बोला."

"बदामी लावा. आणि काठ? फळीला काठ हवा. बारीक."

पीरसाबनं चाळीस वर्षांत पलंगाला, कपाटाला, देव्हाऱ्याला मायका लावलेला, पण काठ-अस्तर विचारणारं गिऱ्हाईक पहिलंच. तो लिहून घेत होता.

कमलाकरांनी पेपरातून डोकं काढलं. "खाली पाण्याचा ड्रम बसला पाहिजे. पाणी चार दिवसांनी येतं, साठवायला जागा नको?"

"साहेब, ड्रम आत घेतला तर बेसिन ताईंच्या नाकाला लागेल."

"बादल्या ठेवू दोन," प्रेमलाबाई घाईनं म्हणाल्या. "ड्रम आहे तिथं राहू दे."

"मग आता उंची," पीरसाब म्हणाला. "माझा हिशेब सोपा. जास्त वापरणार कोण, त्याची उंची सांगायची. त्यावरून फळी किती उंच ते मी काढतो."

"हीच वापरणार," कमलाकर म्हणाले. "हिच्यासाठीच आहे ते."

"मग ताई, भिंतीशी उभ्या राहता का? साहेब, टेप तुम्ही धरा."

कोपऱ्यात बजाबाई मेथी निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. प्रेमलाबाईंनी गळ्यातली टेप अशी घट्ट धरली, की जणू कुणी ओढून नेतंय.

"माझं माप काय घेता? मी आयुष्यभर मापंच घेतेय."

"मग बोला ताई, किती?"

प्रेमलाबाईंच्या ओठांवर चार आलं होतं. अगदी आलं होतं. पण बजाबाईंनी मेथीची काडी ताटात ठेवली आणि चष्मा वर केला. चार परत आत गेलं.

"पाच दोन," कमलाकर म्हणाले. "लेखी आहे."

"लेखी हाय व्हय," बजाबाई म्हणाल्या. "मग झालं की."

पीरसाबनं प्रेमलाबाईंकडं एकदा बघितलं, मग पुन्हा बघितलं, आणि कान खाजवला. पण बाईमाणसाला तुम्ही बुटक्या आहात असं त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, आणि आता या वयात सुरुवात करायची नव्हती. प्लायच्या तुकड्यावर त्यानं लिहिलं: पाच, दोन.

त्या दिवशी प्रेमलाबाईंनी एका ब्लाऊजला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी हिशेब केला. उंचीत सहा इंचांचा फरक, म्हणजे कोपरात चार इंचांचा; पाच दोनच्या बाईला फळी जिथं येणार, ती चार आठच्या बाईला चार इंच वर येणार. म्हणजे पुन्हा ओल्या बाह्या, आणि तेही स्वतः करून घेतलेल्या बेसिनवर. यावर एकच उपाय होता, पीरसाबला जाऊन खरं सांगायचं. दुसरा उपाय खोटं सांगायचा होता. प्रेमलाबाईंनी सरदारबीचा शिवून झालेला ब्लाऊज पिशवीत घातला आणि दुसऱ्या उपायासाठी रिक्षात बसल्या.

वाटेत त्यांनी पक्कं ठरवलं. उंचीचं नावच काढायचं नाही. तब्येतीचं सांगायचं. तब्येतीचं सांगितलं की माणूस जास्त विचारत नाही.

दुकानात रंधा चालू होता. पीरसाबनं लगबगीनं स्टूल पुसून दिलं.

"पीरसाबभाई, त्या बेसिनचं जरा बघा हं," प्रेमलाबाई म्हणाल्या. "माझी कंबर दुखते. म्हणून ते जरा तसं करा."

"कंबर?" पीरसाबचा चेहरा पडला. "या अल्ला. ताई, तुम्ही आधी बोलायचं. आमच्या घरात पण हेच. सरदारबीची कंबर, काय सांगू तुम्हाला."

"मग कराल ना तसं?"

"हौ. समजलो मी. पुढचं बोलूच नका."

पुढचं बोलायचं नाही, याचा प्रेमलाबाईंना इतका आनंद झाला की त्या खरंच बोलल्या नाहीत. रिक्षानं न येता चालत आल्या. काय समजूतदार माणूस, अर्ध्या शब्दात ओळखलं.

आता तुम्हीच सांगा. ज्या बाईची कंबर दुखते, तिला सुतार बेसिन खाली करून देईल की वर? वाकायलाच नको म्हणून त्या भल्या माणसानं पाच दोनच्या हिशेबावर आणखी तीन इंच चढवले. वरून स्वतःच्या मनानं, पैसे न सांगता, पायांना पितळी टोप्याही घातल्या.

पंधरा दिवसांत बाथरूमची फरशी झाली, नळ झाले, आणि एका गुरुवारी टेम्पो गल्लीच्या तोंडाशी लागला. गल्ली अरुंद, म्हणून तिथून पुढं हातानं. व्हॅनिटीला चादर गुंडाळलेली, पुढून पीरसाब, मागून त्याचा मोठा मुलगा सोहेब. तोही सुतार, बापाच्या हाताखाली तयार झालेला. सगळ्यांत पुढं वाट दाखवत प्रेमलाबाई, सगळ्यांत मागं सरदारबी, बघायला. वाटेतल्या सगळ्या खिडक्या उघडल्या.

"काय आणलंय प्रेमलाकाकू?"

"बेसिन."

"एवढं मोठं?"

"माझ्या मापाचं करून घेतलंय," काकू म्हणाल्या, आणि मग आपण काय बोललो हे कळून पुढं चालू लागल्या.

प्लंबरनं पाइप जोडला. पीरसाबनं चादर काढली. चॉकलेटी कपाट, बदामी अस्तर, फळीला बोटाएवढा काठ, वर पांढरं बेसिन. देखणं होतं, खोटं कशाला बोला. बजाबाईंनी हळदकुंकू वाहिलं. कमलाकर म्हणाले, बाथरूमला कुणी नारळ फोडतं का. बजाबाई म्हणाल्या, "टेम्पोला फोडत्यात, टीव्हीला फोडला हुतास तू." मग नारळ उंबऱ्यावर फुटला.

"चल प्रेमला. तुजं हाय, पयलं त्वांड तूच धू."

प्रेमलाबाई आत गेल्या. दारात पाच माणसं. त्या बेसिनसमोर उभ्या राहिल्या आणि बेसिन त्यांच्यासमोर उभं राहिलं. कड बरोबर त्यांच्या गळ्याखाली. जुन्यापेक्षा चार बोटं वरच. आत काय आहे ते दिसेना. बाईंनी हात वर करून अंदाजानं नळ सोडला, ओंजळ भरली आणि तोंडाकडं नेली. पाणी तोंडाला लागलं थोडंसं. बाकी मनगट, कोपर, बाही करत पार काखेत गेलं.



कमलाकर पुढं झाले, हात धुऊन बघितला. "छान आहे की. मला तर वाकावंच लागत नाही."

"तुला कशाला लागंल?" बजाबाई म्हणाल्या. "तिला बघ की. हनवटी टेकायची ऱ्हायलीया निस्ती. मिस्त्री, माप चुकलं की ओ तुमचं."

पीरसाबनं टेप काढली. जमिनीपासून फळी मोजली, फळीपासून बेसिन मोजलं, गुण्या लावून कोपरे बघितले. प्लायचा तो तुकडा खिशातून काढून वाचला. पुन्हा मोजलं.

"पाच दोनचं माप," तो हळू म्हणाला. "त्याच्यावर तीन इंच, ताईंच्या कंबरेसाठी. सगळं बरोबर आहे. पण बरोबर तर दिसत नाही."

"चुकतं अब्बा एखाद्या वेळी," सोहेब म्हणाला.

"चाळीस वर्षांत नाही चुकलं." पीरसाबनं कानामागची पेन्सिल काढली, तिच्याकडं बघितलं आणि मुलाच्या हातात दिली. "घे. आजपासून माप तू घेत जा. माझे डोळे गेले म्हणायचे."

सरदारबीनं पदराचा शेव तोंडाला लावला. हुकाकडं बोट दाखवायचं आणि शिंपिणीला नावं ठेवायची, असल्या बायका प्रेमलाबाईंनी शेकड्यानं बघितल्या होत्या. त्यांच्यातली एक आज आपल्याच बाथरूममध्ये उभी आहे आणि तिच्या काखेतून पाणी गळतंय, हे त्यांना अगदी स्वच्छ दिसलं. आरशात नव्हे. आरशात अजून भांगच दिसत होता.

"माप चुकलेलं नाही," त्या म्हणाल्या.

"मग?"

"मी श्वास रोखला होता."

"कधी?" कमलाकर म्हणाले.

"लग्नापासून."

आणि त्यांनी गळ्यातली टेप काढली. चौतीस वर्षांत पहिल्यांदा ती टेप दुसऱ्याच्या हातात गेली. "सरदारबी, घ्या माझं माप. हितं, भिंतीशी उभी राहते. सगळ्यांसमोर घ्या."

प्रेमलाबाई भिंतीला टेकल्या. सरदारबी टेप घेऊन वाकली आणि वाकलेलीच राहिली.

"टाच खाली घ्या, प्रेमलाताई."

"खालीच आहे."

"नाही जी. तुम्ही मला वीस बरस बोलता, सरदारबी पोट सोडा, पोट सोडा. आता तुम्ही टाच सोडा."

टाच खाली आली.

"अंबाडा धरून मोजू की सोडून?"

"सोडून," प्रेमलाबाई म्हणाल्या. आता काय राहिलं होतं?

"चार फूट, आठ इंच."

कमलाकरांनी चष्मा पुसला, टेप स्वतः वाचली, बायकोकडं बघितलं, पुन्हा टेप वाचली. रेकॉर्ड रूममधून फाइल गहाळ व्हावी तसा त्यांचा चेहरा.

"सहा इंच कमी आहेत."

"हो."

"मग गेले कुठं?"

"कधी नव्हतेच अहो. मामांनी लिहिले."

"लेखी होतं," कमलाकर म्हणाले, आणि भिंतीला टेकून उभे राहिले. "मी कुणाकुणाला सांगितलंय, बायको पाच दोन आहे म्हणून. ऑफिसात सांगितलंय."

"ऑफिसात कुणी विचारलं होतं?"

"विचारलं नव्हतं. पण विचारलं असतं तर?"

प्रेमलाबाई मात्र बजाबाईंकडं बघत होत्या. खरी परीक्षा तिकडं होती. बजाबाईंनी खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला.

"वन्सं, बोला काय ते. तुम्ही पहिल्याच दिवशी म्हणाला होता, बुटकी आहे म्हणून."

"म्हनले की. पाटावरनं उतरलीस तवाच म्हाईत झालं मला, मामा लबाड हाय."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगून काय करू? संसार मोडला असता. आन ह्या खांबाला दुसरी कोन देत हुतं?"

"अक्का," कमलाकर म्हणाले.

"गप की तू."

"मग ती लोणच्याची बरणी? दर वेळेला वरच्या फळीवर?"

बजाबाई पहिल्यांदा जरा ओशाळल्या. "म्हनलं, मागशील एकदा. वन्सं, हात पोचंना, तेवढी बरनी काडून द्या म्हनशील. म्हंजी मग मी म्हनीन, आगं म्हाईत हाय मला, कशाला टाचा झिजवतीस. पर तू कसली मागतीस. मी गेल्यावर खुर्ची लावून काडायचीस. चौतीस वर्सं झाली. लई चिवट हाईस."

प्रेमलाबाईंना हसावं की रडावं कळेना. त्यांनी दोन्ही केलं, आणि डोळे पुसायला बाही वर नेली तर ती ओलीच होती.

कमलाकर मध्येच आत गेले होते. ते कपाटातून एक पिवळी फाइल घेऊन आले, त्यातून बायोडाटा काढला, सोहेबच्या हातातली पेन्सिल मागितली, मग पेन्सिल चालत नाही म्हणून परत दिली आणि स्वतःचं पेन काढलं. पाच फूट दोन इंचावर एक सरळ रेघ मारली. बाजूला लिहिलं, चार फूट आठ इंच. खाली सही, तारीख. "साक्षीदार लागेल," म्हणाले. पीरसाबनं सही केली. करताना तो इतका हसत होता की सही कागदावर सांडल्यासारखी आली.

"म्हणजे माझं माप चुकलं नाही," तो म्हणाला.

"तुमचं कसं चुकेल, पीरसाबभाई? मी चुकीचं दिलं. आणि कंबरही दुखत नाही माझी."

"ती पण नाही?"

"नाही."

"अल्ला. मग सात इंच उतरवायला लागतात, ताई. चार उंचीचे, तीन कंबरेचे." त्यानं कपाटाकडं बघितलं. पितळी टोप्यांचे पाय चार इंचांचे होते. ते किती प्रेमानं लावले होते त्यानं. "पाय काढतो. बाकीचे तीन खालच्या खणातून जातील. खण राहणार नाही."

"कोणता खण?" कमलाकर म्हणाले. "त्यात माझं दाढीचं सामान ठेवायचं ठरलं होतं."

"कापा," प्रेमलाबाई म्हणाल्या.

"पण मग मी दाढी कशी करणार? माझ्या तर गुडघ्याशी येईल ते."

"खुर्ची घेऊन बसा. न्हाव्यापुढं बसताच की."

"हे लेखी द्या," असं काहीसं कमलाकर पुटपुटले, पण सोहेब खडखडाट करत पिशवीतून करवत शोधू लागला होता आणि कुणाला ऐकू गेलं नाही.

बेसिन उतरवलं. व्हॅनिटी उचलून दारात आणली. पीरसाबनं मुलाकडून पेन्सिल मागून घेतली, खूण करायला वाकला आणि थांबला. "ताई, खूण तुम्ही करा. तुमच्या मापाचं आहे."

प्रेमलाबाईंनी कोपर दुमडला, टाचा जमिनीला चिकटवल्या, आणि टेपवर बोट धरून वाकल्या. ब्लाऊजला शिलाईसाठी अर्धा इंच जास्त धरतात तसा इथं धरावा का, असा एक विचार आला. नाही धरला. नेमकी रेघ मारली.

तासाभरात कापून, घासून, काठ पुन्हा लावून झाला. पाइप वाकणारा होता म्हणून बरं, प्लंबरला दुसऱ्यांदा बोलवावं लागलं नाही. बेसिन बसलं. या वेळी हळदकुंकू नाही, नारळ नाही. बजाबाई चहा टाकायला गेल्या होत्या, पीरसाब आणि सोहेब भुसा गोळा करत होते, सरदारबी आपल्या पुढच्या ब्लाऊजचे हुक तपासत पुढच्या खोलीत बसली होती.

प्रेमलाबाई एकट्याच आत गेल्या. बेसिन कोपराच्या जरा खाली होतं. आतला तळ दिसत होता, जाळी दिसत होती, नळाच्या तोटीतून पडणारी धार दिसत होती. त्यांनी ओंजळ भरली, वाकल्या आणि तोंडावर मारली. पाणी गालावरून हनवटीवर आलं आणि तिथून सरळ बेसिनमध्ये पडलं. टप्. मनगट ओलं, कोपर कोरडं. त्यांनी कोपराला हात लावून बघितला. बाहीला लावून बघितला. मग पुन्हा ओंजळ भरली. टप् टप्.

बाहेर कमलाकर बसून दाढी करायला योग्य उंचीची खुर्ची शोधत घरभर फिरत होते. ते दारात थांबले.

"अगं, झालं ना धुऊन? पाणी परवा येणार आहे. जरा बेतानं."

"येऊ द्या की परवा," प्रेमलाबाई म्हणाल्या, आणि नळ पूर्ण सोडून तिसऱ्यांदा तोंड धुऊ लागल्या.